मसल कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्सची पुनर्बांधणी व बदल

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेली वेगवान अमेरिकन मोटार. या प्रकारच्या मोटारी प्रामुख्याने १९६४ ते १९७३ या काळात बनल्या. त्यांतील अनेक मोटारींना हाताने बदलायचा चार गिअरांचा गिअरबॉक्स असे. पन्नास-साठ वर्षांच्या वापरानंतर हे गिअरबॉक्स झिजले आहेत. अशा मोटारीच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. मूळ गिअरबॉक्स उघडून त्याची पुनर्बांधणी करणे हा पहिला, आणि त्याच्या जागी पाच किंवा सहा गिअरांचा आधुनिक गिअरबॉक्स बसवणे हा दुसरा. हा निर्णय केवळ यांत्रिक नाही. मोटार कशी व किती चालवली जाणार, मूळ भागांना किती महत्त्व द्यायचे आणि केलेला बदल पुढे उलटवता येईल का, यांवर तो अवलंबून असतो. जुन्या गिअरबॉक्सचा म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा गिअरबॉक्सचा नसतोच, त्यामुळे दोषाचे निदान ही या निर्णयातील पहिली पायरी ठरते.

पार्श्वभूमी

पॉन्टियॅकची १९६४ सालची जीटीओ ही सर्वसाधारणपणे पहिली मसल कार मानली जाते. तिच्यात ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन होते व चार गिअरांचा गिअरबॉक्स जादा पैसे देऊन घेता येई. त्या काळच्या अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते आणि या मोटारींचा लौकिक पाव मैलाच्या शर्यतीवर ठरत असे. गिअरबॉक्सची रचनाही त्याच हिशेबाने झाली. चारही गिअर वेग घेण्यासाठी होते. महामार्गावर तासन्‌तास शांतपणे धावण्यासाठी वेगळा गिअर ठेवण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर परिस्थिती पालटली. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची देशव्यापी वेगमर्यादा लागू झाली. ती १९९५ मध्ये उठली. आज तेथील अनेक राज्यांत महामार्गावरची वाहतूक ताशी ७० ते ७५ मैलांनी धावते. या वेगाला चार गिअरांची जुनी मोटार चालू शकते, पण इंजिनाचा आवाज, उष्णता आणि पेट्रोलचा खप यांमुळे लांबचा प्रवास त्रासाचा होतो. गिअरबॉक्स बदलण्याचा विचार बहुधा येथूनच सुरू होतो.

मूळ गिअरबॉक्स

जनरल मोटर्सच्या मोटारींमध्ये सर्वांत प्रसिद्ध गिअरबॉक्स मन्सी हा आहे. इंडियाना राज्यातील मन्सी या गावच्या कारखान्यात १९६३ ते १९७४ या काळात तो बनत असे. त्यापूर्वी कंपनी बोर्गवॉर्नरचा टी-१० वापरत असे. हा गिअरबॉक्स १९५७ मध्ये शेवरले कॉर्व्हेटमध्ये आला होता. मन्सीचे तीन प्रकार आहेत. एम२० मध्ये गिअरांची गुणोत्तरे एकमेकांपासून दूर आहेत, एम२१ मध्ये ती जवळजवळ आहेत, आणि एम२२ ची गुणोत्तरे एम२१ सारखीच असली तरी त्याच्या गिअरांचे दात कमी तिरपे कापलेले आहेत. दात जितके सरळ तितका शाफ्टवर पडणारा आडवा रेटा कमी आणि गिअरबॉक्स अधिक मजबूत, पण आवाजही तितकाच मोठा. त्या घरघरीवरून एम२२ ला ‘रॉक क्रशर’, म्हणजे खडी फोडण्याचे यंत्र, असे टोपणनाव पडले. एम२२ उघडल्यावर जो आवाज दोष म्हणून दुरुस्त करायचा असे वाटते, तो कित्येकदा त्या गिअरबॉक्सचा स्वभावच असतो.

फोर्डचा चार गिअरांचा गिअरबॉक्स १९६४ मध्ये आला. त्याचे झाकण वरच्या बाजूला असल्याने तो टॉपलोडर म्हणून ओळखला जातो. त्याचे कवच बिडाचे असून मजबुतीबद्दल त्याची ख्याती आहे. ४२७, ४२८ व ४२९ घन इंचांच्या इंजिनांसोबत येणाऱ्या टॉपलोडरचा बाहेर जाणारा शाफ्ट ३१ स्प्लाइनचा, तर इतर बहुतेकांचा २८ स्प्लाइनचा असतो. क्रायस्लरचा ए-८३३ हाही १९६४ चाच. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूस येथील न्यू प्रोसेस गिअर या कारखान्यात तो तयार होई. ४२६ हेमी इंजिनासाठी त्याचा १८ स्प्लाइनच्या जाड इनपुट शाफ्टचा प्रकार बनवला गेला.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. चौथ्या गिअरचे गुणोत्तर १:१ असते. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकमेकांत थेट अडकतात व दोन्ही एकाच गतीने फिरतात. खालचा काउंटरशाफ्ट तेव्हाही फिरत असतो, पण त्याच्यावर भार नसतो. ही साधी गोष्ट दोष शोधताना फार उपयोगी पडते.

दोषाचे निदान

गिअर बदलताना करकर आवाज होणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. मोटार धावत असताना दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना आवाज होत असेल, तर सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. या कड्या गिअर अडकण्यापूर्वी घर्षणाने दोन्ही बाजूंची गती सारखी करतात. त्यांच्या आतील बारीक चऱ्या गुळगुळीत झाल्या की ही पकड सुटते. मोटार उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना आवाज होत असेल, तर मात्र संशय आधी क्लचवर घ्यावा लागतो. क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबल्यावर इनपुट शाफ्टचे फिरणे थांबायला हवे. त्यानंतरही रिव्हर्स करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा मोटारीत कितीही महागडा नवा गिअरबॉक्स बसवला तरी तक्रार कायम राहते.

बेअरिंगचा आवाज ओळखण्याची रीतही याच तर्कावर उभी आहे. मोटार न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, आणि खरखर ऐकू येते; क्लच दाबताच ती थांबते. असे असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये किंवा काउंटरशाफ्टच्या सुईसारख्या बारीक रोलर बेअरिंगमध्ये असतो. उलट आवाज फक्त क्लच दाबल्यावर येत असेल तर तो क्लचच्या रिलीज बेअरिंगचा किंवा क्रँकशाफ्टच्या टोकावरील पायलट बुशचा असतो. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर काउंटरशाफ्ट व त्याचे गिअर तपासावेत, कारण चौथ्यात त्यांच्यावरचा भार निघून गेलेला असतो.

चालू गिअर आपोआप निसटणे हा अधिक गंभीर दोष आहे. अडकणाऱ्या दातांच्या कडा गोल झाल्या असतील, गिअर सरकवणारा फोर्क झिजला असेल किंवा शाफ्टला पुढे-मागे जादा हालचाल मिळत असेल तर गिअर सुटतो. या कारणांच्या यादीत बेलहाउसिंगचा वाकडेपणा मात्र सहसा विसरला जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ही घंटेच्या आकाराची पेटी. तिच्या मागच्या छिद्राचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळायला हवा. डायल गेज लावून पाहिल्यास गेजचे एकूण वाचन ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये असा सर्वमान्य दंडक आहे. फरक जास्त असेल तर मध्य किंचित सरकवलेल्या खास खुंट्या बसवून तो दुरुस्त करतात. हे मोजमाप न करता नवा गिअरबॉक्स बसवला, तर जुन्याला खाणारा दोष नव्यालाही खातो. आधुनिक गिअरबॉक्सची बेअरिंगे अधिक अचूक बसवलेली असल्यामुळे ती हा वाकडेपणा कमी सहन करतात.

पुनर्बांधणी

पुनर्बांधणीसाठी लागणारा संच सहज मिळतो. त्यात बेअरिंगे, सिंक्रोनायझर कड्या, सुया, सर्कलिप, सील व गॅस्केट असतात. गिअरांचे दात आणि कवच शाबूत असतील तर खर्च काही शे डॉलरच्या सामानात व मजुरीत भागतो. काम चिकाटीचे आहे, पण विशेष यंत्रसामग्रीचे नाही. काउंटरशाफ्टच्या सुया ग्रीसने चिकटवून जागेवर धरतात आणि त्या पडू नयेत म्हणून आत त्याच जाडीचा एक नकली दांडा घालतात. खरा शाफ्ट आत सरकवताना तो दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. एखादी सुई कवचाच्या तळाशी राहून गेली तर सगळे काम पुन्हा करावे लागते, म्हणून सुया मोजून घेण्याची पद्धत आहे.

खरा प्रश्न कवचाचा असतो. मन्सीचे कवच ॲल्युमिनियमचे आहे. त्यातील काउंटरशाफ्टच्या छिद्राला कालांतराने लंबगोल आकार येतो, मग तेथून तेल गळते आणि गिअर एकमेकांशी तिरके बसतात. १९६३ ते १९६५ च्या मन्सीमध्ये हा शाफ्ट ७/८ इंच जाडीचा होता. १९६६ पासून तो एक इंचाचा करण्यात आला. त्यामुळे दमदार इंजिनासोबत जोरात चालवायच्या मोटारीसाठी १९६६ नंतरचा मन्सी पसंत केला जातो. छिद्र झिजले असल्यास त्यात नळी बसवून ते पुन्हा कोरता येते किंवा नव्याने बनवलेले कवच घेता येते. नवे कवच घेतले की मूळ कवचावरचे क्रमांक मात्र हातचे जातात.

पुनर्बांधणी करताना गुणोत्तर बदलण्याचीही संधी मिळते. १९६६ नंतरच्या एम२० ची गुणोत्तरे २.५२, १.८८, १.४६ व १.०० अशी आहेत. एम२१ ची २.२०, १.६४, १.२७ व १.०० अशी. पहिल्या तिन्ही गिअरांत दोन्ही आकड्यांचा भागाकार जवळपास १.१५ येतो. याचे कारण असे की दोन्ही गिअरबॉक्सांत फरक प्रामुख्याने इनपुट गिअर आणि त्याच्याशी जुळणाऱ्या काउंटर गिअरच्या पहिल्या चक्राचा आहे. ही जोडी एकत्र बदलली की एम२१ चा एम२० होतो आणि बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही. गावात जास्त चालणाऱ्या मोटारीसाठी हा स्वस्त व गुप्त उपाय आहे. एम२२ च्या दातांचा कोन वेगळा असल्याने त्याचे गिअर यांत मिसळता येत नाहीत.

तेलाची निवड वरवर क्षुल्लक वाटते, परंतु नव्या कड्यांचे आयुष्य तिच्यावर ठरते. जीएल-५ दर्जाच्या तेलांत डिफरन्शियलसाठी गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने अधिक प्रमाणात असतात आणि त्यांतील काही पितळेला झिजवतात. म्हणून पितळी कड्यांच्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ तेलाची शिफारस केली जाते. अनेक आधुनिक गिअरबॉक्सांत याहून पातळ तेल लागते. टी-५ च्या सुधारित प्रकारात व टी-५६ मध्ये चक्क ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल घालतात.

आधुनिक पर्याय

पहिला व्यापक पर्याय बोर्गवॉर्नरचा पाच गिअरांचा टी-५ होता. तो १९८० च्या दशकाच्या आरंभी आला आणि फोर्ड मस्टँगमुळे त्याचा प्रसार झाला. तो हलका आहे व त्याचे गिअर मऊ पडतात. १९६५ ते १९६८ च्या लहान व्ही-८ इंजिनांच्या मस्टँगमध्ये तो आजही मोठ्या प्रमाणावर बसवला जातो. त्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा प्रकारानुसार ३०० पौंड-फुटांच्या, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास असल्यामुळे मोठ्या इंजिनासोबत तो टिकत नाही. १९९२ च्या डॉज व्हायपरसोबत सहा गिअरांचा टी-५६ आला. १९९० च्या दशकात बोर्गवॉर्नरचे हे दोन्ही गिअरबॉक्स मेक्सिकोतील केरेतारो येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेमेक या कंपनीकडे गेले. आज या क्षेत्रात ट्रेमेकचेच नाव सर्वांत जास्त घेतले जाते. जुन्या मोटारींसाठी बनवलेला तिचा पाच गिअरांचा टीकेएक्स २०२० च्या अखेरीस जाहीर झाला. तो ६०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ८१० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क पेलतो. सहा गिअरांचा टी-५६ मॅग्नम ७०० पौंड-फुटांपर्यंत जातो.

या आकड्यांची जुन्या मोटारींच्या जाहिरातींशी तुलना करताना सावधगिरी लागते. १९७० च्या शेवरले शेव्हेल एसएसमधील ४५४ घन इंचांच्या एलएस६ इंजिनाचा टॉर्क ५०० पौंड-फूट असल्याचे सांगितले जाई, पण १९७१ पर्यंतची अमेरिकन मापे उघड्या इंजिनाची, एअर फिल्टर व सायलेन्सर यांचा अडथळा न धरता घेतलेली ढोबळ मापे होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर जुने अरुंद टायर जोर पडताच जागेवर फिरत आणि त्यामुळे गिअरबॉक्सवरचा ताण आपोआप कमी होई. आजचे रुंद, चिकट टायर फिरत नाहीत. सगळा धक्का गिअरांच्या दातांवर येतो. मूळ गिअरबॉक्स पन्नास वर्षे टिकला म्हणून नव्या टायरांवरही टिकेल, असे धरून चालता येत नाही.

गुणोत्तरांचे गणित

निर्णयाचा गाभा बहुतेक वेळा एका साध्या गणितात असतो. २६ इंच व्यासाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८०३ फेरे घेते. मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७३ असेल, जसे १९६९ च्या शेवरले कॅमारो झेड/२८ मध्ये मुळात असे, तर चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. ताशी ७५ मैलांना, म्हणजे १२१ किलोमीटरला हा आकडा ३,६०० च्या पुढे जातो. ०.६८ गुणोत्तराचा पाचवा गिअर मिळाला की ताशी १०० ला फेरे सुमारे २,०४० वर आणि ताशी १२१ ला सुमारे २,४६० वर येतात. एक तृतीयांश फेरे कमी होणे म्हणजे काय, हे दोन तासांच्या प्रवासानंतर कानांना कळते.

परंतु हेच गणित उलट्या बाजूनेही लागू पडते. मोटारीचे डिफरन्शियल आधीच ३.०८ चे असेल, तर चौथ्या गिअरमध्येच ताशी १०० ला फेरे सुमारे २,४७० असतात. ०.६८ चा पाचवा गिअर त्यांना १,६८० वर आणतो. शर्यतीसाठीचा तीव्र कॅमशाफ्ट असलेले इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर ओढत नाही, धडपडते. अशा मोटारीसाठी ०.८१ चा पाचवा गिअर असलेला टीकेएक्स योग्य ठरतो किंवा मग गिअरबॉक्स बदलण्याचे कारणच उरत नाही. चढाच्या रस्त्यावर पाचवा गिअर वापरताच येत नसेल तर त्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे म्हणावे लागेल.

पहिल्या गिअरचे गुणोत्तर डिफरन्शियलशी गुणून पाहण्याचीही पद्धत आहे. एम२१ चे २.२० व ३.७३ यांचा गुणाकार ८.२ येतो, मोटार जागेवरून हलवताना क्लच थोडा जास्त घासावा लागतो. टीकेएक्सच्या २.८७ सोबत तोच गुणाकार १०.७ होतो आणि मोटार सहज निघते. ४.१० च्या डिफरन्शियलसोबत ३.२७ चा पहिला गिअर घेतला तर गुणाकार १३ च्या वर जातो. मग पहिला गिअर इतका आखूड होतो की चौक ओलांडण्यापूर्वी तो संपतो.

येथे मूळ गिअरबॉक्सच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवावी लागते. एम२१ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फेरे सुमारे २५ टक्के, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर २३ टक्के व तिसऱ्यावरून चौथ्यावर २१ टक्के खाली येतात. इंजिन सतत आपल्या ताकदीच्या पट्ट्यात राहते. टीकेएक्समध्ये २.८७ वरून १.८९ वर जाताना फेरे ३४ टक्क्यांनी पडतात आणि १.८९ वरून १.२८ वर जाताना ३२ टक्क्यांनी. झेड/२८ च्या ३०२ घन इंचांच्या, उच्च फेऱ्यांवरच जीव धरणाऱ्या इंजिनासाठी जवळच्या गुणोत्तरांचा जुना गिअरबॉक्स वळणांच्या रस्त्यावर आजही अधिक रंगतदार ठरतो.

बसवणीतील अडचणी

नवा गिअरबॉक्स बसवणे म्हणजे केवळ चार बोल्ट काढून चार बोल्ट लावणे नव्हे. त्याची लांबी वेगळी असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो व पुन्हा तोल साधून घ्यावा लागतो. खालचा आडवा आधार बदलतो. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन वेगळ्या असल्या तर क्लच प्लेट बदलते. मन्सीतच १० स्प्लाइनचे जुने व २६ स्प्लाइनचे नंतरचे असे दोन प्रकार आहेत, तर ट्रेमेकच्या अनेक गिअरबॉक्सांना २६ स्प्लाइन असतात. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि क्लचचा दांडा यांचीही नव्याने जुळणी करावी लागते. या सामानाचा एकूण खर्च गिअरबॉक्सच्या किमतीत धरला नाही तर अंदाज हमखास चुकतो. पूर्ण काम काही हजार डॉलरांचे होते.

यांतील नाजूक भाग दोन आहेत. एक म्हणजे शाफ्टचे कोन. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर असावेत आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडांवर थोडाच, साधारण एक ते तीन अंशांचा कोन राहावा लागतो. गिअरबॉक्सची शेपटी जागा पुरत नाही म्हणून खाली ठेवली की हे कोन बिघडतात आणि ठरावीक वेगाला मोटार थरथरू लागते. मग नव्या गिअरबॉक्सला दोष दिला जातो.

दुसरा भाग जमिनीच्या मधल्या उंचवट्याचा. जुन्या मोटारींत हा उंचवटा चार गिअरांच्या गिअरबॉक्सच्या मापाने बनवलेला होता. सहा गिअरांचा गिअरबॉक्स बसवताना अनेक मोटारींत तो कापून वर नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. टीकेएक्सचे वरचे कवच उतरते बनवण्यामागे हे कापणे टाळणे हा एक हेतू होता व काही मोटारींत तो साध्यही होतो. पत्रा कापणे हा या सर्व कामातील एकमेव बदल आहे जो सहजपणे उलटवता येत नाही.

मौलिकता व बाजारमूल्य

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कारखाने वाहन क्रमांकाचा काही भाग इंजिनावर व गिअरबॉक्सवर ठोकू लागले आणि १९६८ च्या मोटारींपासून ही पद्धत सार्वत्रिक झाली. चोरीच्या भागांना आळा घालणे हा तिचा उद्देश होता. आज त्याच अंकांवरून मोटार तिच्या मूळ भागांसह टिकली आहे की नाही हे ठरवले जाते. मन्सीवर याखेरीज ‘पी’ या अक्षराने सुरू होणारा तारखेचा संकेत असतो आणि १९६९ नंतरच्या गिअरबॉक्सांवर शेवटी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ हे अक्षर येते. ती अनुक्रमे एम२०, एम२१ व एम२२ ची खूण होय. एलएस६ शेव्हेल किंवा हेमी इंजिनाच्या मोटारीसारख्या दुर्मीळ उदाहरणांत जुळणारे क्रमांक असलेला गिअरबॉक्स हा मोटारीच्या किमतीचा मोठा भाग असतो. त्यामुळेच खोटे क्रमांक ठोकण्याचे प्रकारही घडतात, आणि गिअरबॉक्सचे कवच घासून चकचकीत करताना खरे क्रमांक पुसले जाण्याचे प्रकार त्याहून दुःखद म्हणावे लागतील.

साध्या, मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारीत, किंवा जिचा मूळ गिअरबॉक्स कधीच हरवला आहे अशा मोटारीत हा प्रश्न उरत नाही. तेथे पाच गिअरांचा गिअरबॉक्स खरेदीदारांना उलट आकर्षक वाटू शकतो. दुर्मीळ मोटार खरोखर चालवायची असेल, तर जाणकार मालक बऱ्याचदा मूळ गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, प्रोपेलर शाफ्ट व आडवा आधार हे सगळे एकत्र, तेल लावून, क्रमांकांचे छायाचित्र घेऊन जपून ठेवतात आणि पत्रा न कापता बसेल असाच गिअरबॉक्स निवडतात. मोटार विकताना हे सामान तिच्यासोबत जाते.

मधले मार्ग

दोन टोकांच्या मध्येही काही उपाय आहेत. डिफरन्शियलमधील क्राउन व पिनियन बदलून ३.७३ ऐवजी ३.०८ बसवले तर महामार्गावरचे फेरे जवळपास सहाव्या हिश्श्याने कमी होतात, मात्र सुरुवातीचा जोरही तितकाच घटतो. गिअरबॉक्सच्या मागे बसवायचे स्वतंत्र ओव्हरड्राइव्ह यंत्रही मिळते. गिअर व्हेंडर्स या कंपनीच्या यंत्राचे गुणोत्तर ०.७८ असून ते कळ दाबून चालू-बंद करता येते. त्यात मूळ गिअरबॉक्स व त्याचे क्रमांक जागेवर राहतात, पण प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतोच.

क्रायस्लरच्या मोटारींसाठी एक जुना, घरातलाच उपाय आहे. १९७५ पासून कंपनीने ए-८३३ चा ओव्हरड्राइव्ह असलेला प्रकार काढला. त्याची गुणोत्तरे ३.०९, १.६७, १.०० व ०.७३ अशी आहेत. बाहेरून तो बराचसा मूळ ए-८३३ सारखाच दिसतो. कारखान्याने यात एक गमतीदार युक्ती केली होती. जेथे पूर्वी तिसरा गिअर असे तेथे ओव्हरड्राइव्हचा गिअर बसवला आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरचा बाहेरील दांडा उलटा फिरवला, म्हणजे चालकाच्या हाताला क्रम नेहमीचाच लागतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फेरे ४६ टक्क्यांनी पडतात, त्यामुळे शर्यतीच्या उपयोगाचा तो नाही. लहान व्ही-८ इंजिनाच्या आणि रोजच्या प्रवासाच्या मोटारीत मात्र तो अजूनही शोधून बसवला जातो.